मॅकडोनाल्ड साहेबांस वणीहून नमस्कार

माननीय जेम्स रॅम्से मॅकडोनाल्ड साहेब, ग्रेट ब्रिटनचे माजी पंतप्रधान, यांस,



आपले उपकार फार, आणि त्यांची रीतसर पोच आमच्याकडून द्यायची राहून गेली. १६ ऑगस्ट १९३२ रोजी आपण जातीय निवाडा जाहीर केलात. हिंदुस्थानातल्या कोणत्या माणसाने कोणत्या रांगेत उभं राहून कोणाला मत द्यायचं, हे लंडनला बसून ठरवून दिलंत. तुमच्या पुढाऱ्यांचं आपसांत जमेना, म्हणून आम्हाला नाइलाजाने मध्ये पडावं लागतंय, असंही वर सांगितलंत. ज्याच्या हाती लष्कर, तुरुंग, तिजोरी आणि न्यायालय, त्याने इतक्या संकोचाने निवाडा द्यावा, हा विनय थोरच म्हणायचा.

हे पत्र मी वणीहून लिहितोय. सप्तशृंगीच्या गडाच्या वाटेवरचं, नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातलं हे गाव. आपल्या कानावर त्याचं नाव कधी गेलं नसेल, पण आपला आणि आमच्या तालुक्याचा संबंध जवळचा आहे. याच तालुक्यातल्या आंबे गावी १९०२ साली भाऊराव कृष्णाजी गायकवाड जन्मले. आम्ही त्यांना दादासाहेब म्हणतो. आपण सेंट जेम्स राजवाड्यात अस्पृश्यांच्या जागांचा हिशेब मांडत होता, तेव्हा दादासाहेब नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह चालवत होते.

आपल्याविषयी आम्हाला आदर का वाटावा, हे आधी सांगतो. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर लॉसीमाउथ नावाच्या गावात, मोलमजुरी करणाऱ्या एका अविवाहित बाईच्या पोटी १८६६ साली आपला जन्म झाला. पुढे १९१५ साली आपल्याच देशातल्या एका साप्ताहिकाने आपला जन्मदाखला छापून आपल्याला चारचौघांत हिणवलं. मजूर पक्षाचे पहिले पंतप्रधान म्हणून १९२४ साली आपण त्या सगळ्यांना उत्तर दिलंत. जन्मावरून माणसाला हिणवणं काय असतं, हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. चर्चिलसाहेबांकडून आमची कसलीच अपेक्षा नव्हती, त्यामुळे त्यांना पत्र लिहावंसं वाटत नाही. आपल्याकडून होती.

आपण हिंदुस्थानचे मित्र होता, हेही विसरलेलो नाही. १९०९ साली येऊन देश पाहिलात, परत जाऊन हिंदुस्थानच्या जागृतीवर पुस्तक लिहिलंत. १९११ च्या काँग्रेस अधिवेशनाचं अध्यक्षपद आपल्याला देऊ केलं होतं. पत्नी वारल्यामुळे आपण येऊ शकला नाहीत. १९२८ साली तर आपण म्हणालात की, वर्षांत नव्हे, काही महिन्यांत साम्राज्यात एका नव्या स्वायत्त देशाची भर पडेल. एवढी माया दाखवणारा माणूस पुढच्याच वर्षी पुन्हा पंतप्रधान झाला. आमच्या लोकांनी महिने मोजायला सुरुवात केली.

महिने पुरे होईनात, तेव्हा आपण गोलमेज परिषद बोलावलीत. १२ नोव्हेंबर १९३० रोजी राजेसाहेबांच्या हस्ते उद्घाटन झालं. हिंदुस्थानने आपले प्रतिनिधी कसे निवडावेत, यावर बोलायला जे आले होते त्यांतला एकही जण त्या कामासाठी निवडून आलेला नव्हता. सगळे सरकारने नेमलेले. संस्थानिक आले, जमीनदार आले, सर आले, रावबहादूर आले. आणि त्यांच्यात बसायला मद्रासचे रेट्टमलई श्रीनिवासन आणि मुंबईचे डॉ. भीमराव आंबेडकर यांनाही आपण बोलावलंत, याबद्दल आभार. तेवढी एक चांगली गोष्ट आपल्या हातून झाली. मात्र डॉक्टरसाहेब काय म्हणताहेत ते आपण ऐकून घेतलं असतंत, तर आणखी एक चांगली गोष्ट झाली असती.

ते काय म्हणत होते? सायमन कमिशनपुढे १९२८ साली त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला होता, आणि त्याच्या जोडीला संयुक्त मतदारसंघात राखीव जागा. आपल्या परिषदेत त्यांनी आणि श्रीनिवासन यांनी लेखी योजना दिली. तिच्यात पहिली दहा वर्षं स्वतंत्र मतदारसंघ, म्हणजे अस्पृश्यांचा प्रतिनिधी अस्पृश्यांनीच निवडायचा, आणि पुढे संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा असं होतं. या दोन्ही टप्प्यांत एक अट कायम होती: प्रत्येक प्रौढ माणसाला मत. आपल्याकडचे आणि आमच्याकडचे लोक आजही स्वतंत्र की संयुक्त एवढ्यावरच वाद घालतात. त्याच कागदावरची मताधिकाराची मागणी कोणाच्या लक्षात राहत नाही. ती नजरेआड करण्यात आपला हात पहिला, साहेब. माझं सगळं गाऱ्हाणं त्या एका मागणीपाशी आहे.

मताधिकाराची चौकशी करायला आपण १९३२ साली लॉर्ड लोथियन यांची समिती पाठवलीत. डॉक्टरसाहेब तिचे सभासद होते आणि त्यांना आपलं मत वेगळं नोंदवावं लागलं. समितीने देशभर फिरून निष्कर्ष काढला की, हिंदुस्थानात सर्व प्रौढांना मत देणं व्यवहार्य नाही. लोक निरक्षर, देश मोठा, मतदान घेणारे अधिकारी थोडे. आमच्या निरक्षरतेची आपल्याला इतकी काळजी, हे वाचून गहिवरून येतं. शंभर-सव्वाशे वर्षं इथल्या शाळांचा कारभार आपल्याच हातात होता, म्हणून आठवण करून दिली.

आता सिलोन. हा विषय निघाला की मला शांतपणे लिहिता येत नाही, तरी प्रयत्न करतो.

सिलोनही आपलीच वसाहत. तिथे डोनमोर कमिशन गेलं आणि त्याने पुरुषांना आणि बायकांना मत देण्याची शिफारस केली. आपल्याच सरकारने एकवीस वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांना आणि सगळ्या बायकांना मत दिलं आणि जून १९३१ मध्ये तिथे त्याप्रमाणे निवडणूक झाली. चहाच्या मळ्यांतल्या तमिळ मजुरांना वास्तव्याच्या अटी घालून बऱ्याच अंशी बाहेर ठेवलंत, तो निराळा अन्याय. पण सिंहली शेतकरी, त्याची बायको, त्याची आई, तिघंही मतदार झाली. आपल्या स्वतःच्या देशात बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळाल्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती.

हे सगळं झालं जून १९३१ ला. पुढच्याच सप्टेंबरात दुसरी गोलमेज परिषद भरली आणि तिच्या अल्पसंख्याक समितीचे अध्यक्ष आपण स्वतः होता. पाल्कच्या सामुद्रधुनीच्या पलीकडे जे तीन महिन्यांपूर्वी घडून गेलं होतं, ते अलीकडे व्यवहार्य नाही, हे आपल्याला कोणी सांगितलं? अलीकडच्या बाईच्या अंगठ्यात काही खोट होती का? आपण न्यायाधीश होता. निकालपत्रात कारण द्यावं लागतं, हे मी आपल्याला शिकवायला नको.

कारण मला दिसतं ते सांगतो. ऑगस्ट १९३१ मध्ये आपण आपला पक्ष सोडून हुजूर पक्षाच्या मांडीला मांडी लावून राष्ट्रीय सरकार बनवलंत. आपल्या पक्षाने आपल्याला काढून टाकलं. ऑक्टोबरच्या निवडणुकीत आपल्या आघाडीला ५५४ जागा मिळाल्या, त्यांत आपल्या गटाच्या अवघ्या १३. खुर्ची आपली, माणसं दुसऱ्यांची. एक माणूस एक मत म्हटलं की हिंदुस्थानातलं राज्य किती दिवस टिकेल, याचा हिशेब त्या माणसांना करता येत होता. सिलोन छोटं, तिथे प्रयोग परवडला. इथे परवडला नसता.

प्रौढ मताधिकार नाकारल्यावर मत कोणाला, हे ठरवायला आपण मोजपट्टी दिलीत. ज्याच्या नावावर ठरावीक शेतसारा भरणारी जमीन, ज्याचं ठरावीक भाड्याचं घर, जो प्राप्तिकर भरतो, ज्याचं ठरावीक शिक्षण झालंय, जो आपल्या पलटणीतून पेन्शन घेऊन आलाय, तो मतदार. याने मतदारांची संख्या सत्तर लाखांच्या आसपास होती ती सुमारे ३ कोटींवर गेली, हे आपलं औदार्य मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं. आमच्याकडे जमीन कोणाकडे होती आणि कोणाकडे नव्हती, हे आपल्या कलेक्टरला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. सातबारा त्याच्याच कचेरीतला. ज्याला गावाने जमीन मिळू दिली नाही, शाळेच्या ओसरीवर बसवलं, विहिरीवरून हाकललं, त्यालाच आपण विचारलंत: सारा किती भरतोस? शिकलास किती?

बायकांना तर आपण आणखी जपलंत. नवऱ्याच्या मालमत्तेवर बायकोला मत मिळेल, शिपाई मेला तर त्याच्या विधवेला किंवा आईला मिळेल. नवरा भूमिहीन असेल तर बिचारीने काय करायचं, एवढं मात्र लिहायचं राहिलं.

मग आलं ते खऱ्या कारागिराचं काम. मुठीत मावतील एवढे मतदार काढलेत आणि तेही आपण वेगवेगळ्या खणांत घातलेत. निवाड्याला १९३५ च्या कायद्यात शेवटचं रूप आलं, तेव्हा आमच्या मुंबई इलाख्याच्या विधानसभेत १७५ जागा होत्या. सर्वसाधारण ११४, त्यांतल्या १५ दलितांसाठी राखीव, ७ मराठ्यांसाठी राखीव. मुसलमानांसाठी २९. भारतीय ख्रिस्ती ३, अँग्लो-इंडियन २. व्यापार-उद्योग ७, कामगार ७, जमीनदार २, विद्यापीठ १. बायकांसाठी ६, त्यांतही ५ सर्वसाधारण आणि १ मुसलमान. इतकी बारीक शिवण शिवणाऱ्या हातांना दाद दिली पाहिजे.

या यादीतल्या दोन ओळींवर मी आपल्याला जरा थांबवतो. युरोपियन: ३. मागास भाग आणि आदिवासी: १.

पंचमहालपासून कारवारपर्यंत पसरलेल्या इलाख्यात भिल्ल, वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी या सगळ्यांना मिळून एक जागा. आमच्या भोवतीचा सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी हा सगळा डोंगर त्यांचा. मूठभर युरोपियनांना तीन. आपल्या माणसांची सोय करताना आपण संकोच केला नाहीत, हे एका परीने बरंच झालं. निवाडा तटस्थ होता असं म्हणणाऱ्यांना दाखवायला हा आकडा पुरतो. आज दिंडोरीचा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, लोकसभेचाही आहे. एकट्या नाशिक जिल्ह्यात आदिवासींच्या आज जेवढ्या जागा आहेत, तेवढ्या आपण अख्ख्या इलाख्यात दिल्या नव्हत्या.

दलितांच्या बाबतीत आपण फार दयाळू झालात, असं आपल्या बाजूने बोललं जातं. मला या दयेचं नाशिकमधलं रूप सांगू द्या. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारोंची मिरवणूक निघाली. मंदिराच्या चारही दारांशी पुरुष बसले, बायका बसल्या. आतून दारं बंद होती. ती बंद करणारे आमचेच लोक होते, नाशिकचे, देवाचं नाव घेणारे, आणि त्यांना या पत्रात मी लपवू इच्छित नाही. त्यांनी ती दारं उघडली असती तर आपल्यासारख्या न्यायाधीशाची गरजच पडली नसती. पण दाराबाहेर पोलीस कोणाचे होते? मनाई हुकूम कोणाच्या सहीने निघत होते? सत्याग्रहींना शिक्षा कोणाची न्यायालयं देत होती? लंडनला आपण अस्पृश्यांचे कैवारी, नाशिकला आपला कलेक्टर बंद दाराचा राखणदार. एकाच सरकारला एकाच वर्षी ही दोन्ही कामं जमली.

निवाड्यात आपण दलितांना मुंबई इलाख्यात १० जागा आणि स्वतंत्र मतदारसंघ दिलात, शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही एक मत. जो मतदार ठरेल त्याला दोन मतं, आणि जो ठरणार नाही त्याला एकही नाही. मालमत्तेच्या अटीने बहुतेकांना बाहेर ठेवून उरलेल्या थोड्यांना दुप्पट देण्याचा हा हिशेब मला कितीदा मांडला तरी जुळत नाही.

आणि निवाड्यात आपण एक कलम घातलंत: संबंधित समाजांचं आपसांत एकमत झालं तर सरकार बदल मान्य करील, एरवी नाही. हे कलम आपल्या चातुर्याचा कळस. गाठ आपण बांधलीत आणि सोडवायला येरवड्याच्या तुरुंगात टाकून दिलीत.

गांधीजी तिथे कैदेत होते. त्यांनी मार्चमध्येच आपले भारतमंत्री सॅम्युअल होअर यांना कळवलं होतं की, अस्पृश्यांना वेगळं कराल तर प्राण पणाला लावीन. १८ ऑगस्टला आपल्याला लिहिलं. आपण ८ सप्टेंबरला उत्तर दिलंत आणि आपली बाजू मोठ्या संयमाने मांडलीत. २० सप्टेंबरला उपोषण सुरू झालं. त्यानंतरचे चार दिवस आपण विलायतेत होता. डॉक्टरसाहेब इथे होते.

त्या चार दिवसांबद्दल मला आपल्याशी जरा सविस्तर बोलायचंय. एकेचाळीस वर्षांचा एक माणूस. आपल्या माणसांसाठी जन्मात पहिल्यांदा काहीतरी हाती लागलेलं. समोर खाटेवर दिवसेंदिवस खंगत चाललेले गांधी, आणि पाठीशी अख्खा देश बोट दाखवत उभा: यांचं काही बरंवाईट झालं तर तू जबाबदार. गावोगावच्या दलित वस्त्यांवर त्याचा सूड उगवेल, ही भीती वेगळी. अशा ओझ्याखाली त्याने एकेक जागा मोजून घेतली. दहाच्या पंधरा, आणि सगळ्या प्रांतांच्या मिळून १४८. २४ सप्टेंबरला पुणे करारावर सह्या झाल्या: मदनमोहन मालवीय, सप्रू, जयकर, राजगोपालाचारी, एम. सी. राजा, आणि आपल्या इंग्लंडात जाऊन ज्यांनी फलंदाजांची दांडी उडवली ते पी. बाळू. दोन दिवसांनी आपल्या मंत्रिमंडळाने करार मान्य केला. त्या कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले, जागा वाढल्या, आणि प्रत्येक राखीव जागेसाठी आधी दलित मतदारांनी चार जणांची निवड करायची, मग त्यांतून एकाला सगळ्यांनी मिळून निवडायचं, असं ठरलं. म्हणजे शेवटचा कौल बहुसंख्य सवर्णांच्या हाती. डॉक्टरसाहेबांना तो घाव शेवटपर्यंत जाणवत राहिला. १९४७ साली त्यांनी घटना समितीसाठी लिहिलेल्या टिपणात स्वतंत्र मतदारसंघ पुन्हा मागितले. आजही आमच्याकडे त्या कराराचं नाव निघालं की घरातल्या घरात दोन तट पडतात.

महाराष्ट्रातल्या गांधीवादी आणि आंबेडकरवादी या दोन मोठ्या प्रवाहांत जी कटुता त्या आठवड्यात शिरली, ती नव्वद वर्षांत पुरती गेलेली नाही. यात गांधीजींचा हट्ट होता, असं मला वाटतं, आणि सनातन्यांचं पाप तर होतंच. पण गावकुसाबाहेरच्या प्रत्येक प्रौढ माणसाच्या हातात मत असतं, तर या वाटाघाटीत डॉक्टरसाहेब इतके एकटे पडले नसते. त्यांच्यामागे माणसं होती. ती मतदार यादीत नव्हती. ती आपण बाहेर ठेवली होतीत.

त्या राखीव जागांवर १९३७ साली दादासाहेब गायकवाड मुंबईच्या विधानसभेत गेले. डॉक्टरसाहेब गेले. तिथे जाऊन त्यांनी खोतीविरुद्ध विधेयक मांडलं, महार वतनाविरुद्ध मांडलं. दोन्ही पार पडली नाहीत. खोताचं मत पक्कं होतं, कुळाचं मात्र मालमत्तेच्या मोजपट्टीवर अडलेलं. अशा मतदारांनी निवडलेल्या सभागृहाकडून दुसरं काय व्हायचं? हलकी गावकी वतनं रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. आपल्या मोजपट्टीने आमची एकवीस वर्षं खाल्ली, असं मी धरतो. १९३७ च्याच नोव्हेंबरात समुद्रप्रवासात आपला अंत झाला. पुढचं आपल्याला पाहावं लागलं नाही, म्हणून थोडक्यात कळवतो.

१९४६ च्या निवडणुका आपल्याच मोजपट्टीच्या याद्यांवर झाल्या. मुसलमानांची मतं मुसलमानांच्या खणात, उरलेल्यांची उरलेल्या खणात. एका खणातल्या उमेदवाराला दुसऱ्या खणाकडे मत मागायला जायचं कारण उरलं नव्हतं. त्यातून निवडून आलेल्या आमदारांनी घटना समिती निवडली. त्याच आमदारांनी जून १९४७ मध्ये बंगालचे आणि पंजाबचे दोन तुकडे करायला हात वर केले. ज्यांची घरं जळाली, ज्यांच्या लेकीबाळी रस्त्यात गेल्या, त्यांतल्या बहुतेकांना या आमदारांना निवडण्याचा अधिकार कधी मिळालाच नव्हता. एवढ्या मोठ्या गोष्टीत त्यांचं मत विचारायचं राहून गेलं, साहेब.

आपली विद्या पुढेही वाया गेली नाही. हाँगकाँगवर आपल्या देशाने दीडशे वर्षं राज्य केलं, आणि १९८५ पर्यंत तिथल्या कायदेमंडळात निवडून आलेला एक सभासद येऊ दिला नाही. आणले तेव्हाही बँकवाले, वकील, डॉक्टर, व्यापारी यांचे निराळे मतदारसंघ करून आणले. आमच्या यादीतले व्यापार-उद्योग, जमीनदार, विद्यापीठ मला तिथे लगेच ओळखू आले. चाव्या चीनला द्यायला पाच वर्षं उरली, तेव्हा १९९२ साली शेवटचे गव्हर्नर क्रिस पॅटन यांनी मतदारांचा घेर वाढवायची योजना मांडली. १९९३ साली तिच्यावर ब्रिटन आणि चीन यांच्यात १७ फेऱ्या झाल्या आणि त्या मोडल्या. ज्यांच्या मताबद्दल बोलणी चालली होती त्या हाँगकाँगच्या माणसांना त्या टेबलाशी स्वतःची खुर्ची नव्हती. १९९५ साली निवडलेलं मंडळ १ जुलै १९९७ ला गेलं. पॅटनसाहेबांचा हेतू चांगला असेल, मी नाही म्हणत नाही. पण निघायची गाडी फलाटाला लागल्यावर मताधिकाराची आठवण होणं, हे आम्ही आधी पाहिलेलं आहे.

आता आमचं कुशल.

आपण गेल्यावर आमच्याकडे आपल्या लोथियन समितीच्या तिन्ही अडचणी तशाच होत्या. देश तेवढाच मोठा वाटत होता, दहांतले आठ-साडेआठ जण निरक्षर होते, अधिकारी थोडे होते. वर फाळणीची दंगल आणि निर्वासितांचे तांडे. तरी घटना मंजूर व्हायच्या आधी, १९४८ सालीच, सगळ्या प्रौढांच्या याद्या करायचं काम सुरू झालं. निरक्षरांची अडचण कशी सुटली सांगतो: प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह. लाखो पेट्या मुंबईच्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. १९५१-५२ साली १७ कोटींहून जास्त लोक मतदार होते. याद्या करताना काही लाख बायकांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढंच सांगितलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशा सुमारे २८ लाख नोंदी धरल्या नाहीत. त्या बायका त्या वेळी मताला मुकल्या, याचं वाईट वाटतं. पण नवऱ्याच्या साऱ्यावर मत देणारा आपला नियम तिथे संपला आणि बाईला यादीत येण्यासाठी स्वतःचं नाव सांगावं लागलं.

दादासाहेब १९५७ साली नाशिकमधून लोकसभेत गेले, आणि ज्यांना आपण सारा विचारून परत पाठवलं होतं त्या भूमिहीनांसाठी १९५९ साली त्यांनी सत्याग्रह उभा केला.

२० मे २०२४ ला आमच्या दिंडोरी मतदारसंघात लोकसभेचं मतदान होतं. खरड छाटणी उरकून द्राक्षबागांत फुटी काढायचं काम चाललेलं, ऊन मरणाचं. शाळेच्या व्हरांड्यात रांग होती. डोईला पदर घट्ट गुंडाळलेली एक आदिवासी बाई बागेतून तशीच आली होती. बोटांच्या पेरांना वेलीचा हिरवा-काळा चीक वाळून बसलेला. शाई लावणाऱ्याने तिचं बोट फडक्याने पुसलं, तरी चीक निघेना. मग त्याने नखाच्या मुळाशी जागा शोधून तिथे रेघ ओढली. तिच्या मागे बागेचा मालक उभा होता. तिने किती सारा भरला, हे तिला कोणी विचारलं नाही. ती किती शिकली, हेही नाही. तिच्या एका मताला मालकाच्या एका मताएवढं वजन होतं. तिच्या आजीला आपण नाकारलेली गोष्ट एवढीच होती.

आमच्या लोकशाहीत दोष पुष्कळ आहेत. पैसा आहे, जात आहे, दडपण आहे. त्यांच्याशी आम्ही भांडतो आणि भांडत राहू. ते आपल्या माथी मारायचं कारण नाही. माझी विनंती निराळी आहे. हिंदुस्थानला लोकशाही इंग्रजांनी दिली, असं आपल्या देशात अजून लिहिलं जातं, आणि आमच्यातलेही काही विद्वान मान डोलावतात. विधिमंडळाच्या इमारती आपल्या, कामकाजाचे नियम आपले, हे मान्य. रेल्वेही आपलीच. पण सर्व प्रौढांना मत हे घटनेचं ३२६ वं कलम २६ जानेवारी १९५० पासून लागू झालं, आणि आपण अव्यवहार्य ठरवलेलं ते काम आम्ही दोन वर्षांत करून दाखवलं. ते चुकून आपल्या नावे जमा झालेलं आहे. ती नोंद आपल्या खात्यातून कमी करून घ्यावी.

कळावे,

आपला,
एक मतदार
वणी, ता. दिंडोरी, जि. नाशिक